रात्रीची वस्ती आणि तेजस्वी दिवे : दीर्घ उद्भासनाच्या छायाचित्रणातील गुणोत्तराचा प्रश्न

रात्रीच्या वस्तीचे छायाचित्र घेताना दिव्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कसबाचा वाटतो. तिपाईवर कॅमेरा ठेवून शटर दहा, वीस अथवा तीस सेकंद उघडे ठेवले, की अंधारातील भिंती, झाडे आणि रस्ते हळूहळू उमटू लागतात. पण त्याच वेळी चौकातील दिवा एका पांढऱ्या डागात विरून जातो, त्याच्याभोवती धूसर वलय पसरते आणि शेजारच्या पाटीवरील अक्षरेही त्यात बुडतात. उलट, दिवा नीट उमटावा म्हणून उद्भासन कमी करावे, तर दिवा राहतो आणि वस्ती नाहीशी होते. या पेचाचे मूळ कशात आहे, आणि त्यातून सुटण्याचे जे मार्ग रूढ आहेत ते कोणत्या तत्त्वावर उभे आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रश्नाची चर्चा बहुधा महानगरांना अनुलक्षून होते. येथे मात्र गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा हे तालुक्याचे ठिकाण उदाहरणादाखल घेतले आहे. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावरील हे स्थानक महाराष्ट्राच्या पूर्व सीमेजवळ असून पुढे दरेकसाच्या बाजूस डोंगर व अरण्य सुरू होते. मोजके दिवे आणि सभोवार दाट अंधार, अशी ही स्थिती आहे. महानगरातील छायाचित्रकाराला जो प्रश्न पडतो तोच येथे अधिक तीव्र रूपात उभा राहतो, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रश्नाचे स्वरूप

शटर उघडे असताना फिल्मवर अथवा संवेदकावर जेवढा प्रकाश पडतो, त्याच्या एकंदर मात्रेस उद्भासन म्हणतात. ही मात्रा दुप्पट वा निम्मी होणे म्हणजे एका स्टॉपचा फरक, अशी मोजण्याची पद्धत आहे. एखादा पृष्ठभाग कॅमेऱ्याच्या दिशेने किती प्रकाश देतो, हे त्याच्या तेजस्वितेवरून कळते आणि ती कँडेला प्रति चौरस मीटर या एककात मोजतात.

चांगला प्रकाश असलेल्या रस्त्याच्या पृष्ठभागाची तेजस्विता साधारणतः १ ते २ कँडेला प्रति चौरस मीटर असते. त्याच रस्त्यावरील उघड्या एलईडी दिव्यात प्रकाश देणारा जो बारीक कण असतो, त्याची तेजस्विता १०,००,००० कँडेला प्रति चौरस मीटरच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असू शकते. म्हणजे दिवा आणि त्यानेच उजळलेला रस्ता यांच्यातील गुणोत्तर दहा लाखांस एक, अर्थात सुमारे २० स्टॉपचे झाले. आजचे चांगले संवेदक एका उद्भासनात १२ ते १४ स्टॉपांपर्यंतचा फरक टिपू शकतात. तेव्हा दिवा आणि रस्ता ही दोन्ही टोके एकाच वेळी टिपणे संवेदकाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हे उघड होते.

मोठ्या शहरात या अडचणीवर एक नैसर्गिक उतारा असतो. तेथे दिवे दाटीने असतात. इमारतींच्या भिंती, दुकानांच्या काचा, ओले रस्ते आणि धुरकट हवा हे सर्व मिळून प्रकाश चोहोकडे परतवितात. त्यामुळे जेथे कोणताही दिवा थेट पोहोचत नाही, तो कोपराही पूर्ण काळा नसतो. छोट्या गावात असा उसना प्रकाश फारसा नसतो. दिव्याच्या वर्तुळाबाहेर पडताच भिंतीची तेजस्विता ०.०१ कँडेला प्रति चौरस मीटरपर्यंत किंवा त्याखालीही उतरते. मग दिवा आणि भिंत यांतील अंतर २० स्टॉपांचे न राहता २६-२७ स्टॉपांचे होते. दिवे कमी असल्याने काम सोपे होईल, ही समजूत म्हणूनच बरोबर नव्हे. दिव्यांची संख्या घटते तसे चित्रातील एकंदर तेज घटते. गुणोत्तर मात्र वाढते.

कॅमेऱ्याच्या नियंत्रणांची मर्यादा

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. शटरचा काळ, छिद्राचा आकार आणि संवेदनक्षमता ही तीन नियंत्रणे चित्रातील प्रत्येक स्थिर बिंदूवर सारखाच परिणाम करतात. काळ निम्मा केला तर दिव्याचे उद्भासन निम्मे होते आणि भिंतीचेही निम्मेच होते. छिद्र दोन स्टॉपांनी लहान केले तर दोन्ही एकचतुर्थांश होतात. दिवा व भिंत यांच्यातील गुणोत्तर जेथल्या तेथे राहते. रात्रीचे दिवे आटोक्यात आणण्यासाठी केवळ ही नियंत्रणे फिरवीत राहणे म्हणूनच व्यर्थ ठरते. त्यायोगे नुकसान कोणत्या टोकाला व्हावे एवढेच ठरविता येते.

अर्थात ही निवडही महत्त्वाची आहे, आणि ती फिल्म व संवेदक यांच्या बाबतीत वेगवेगळी करावी लागते. हर्टर व ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्ये फिल्मवरील काळेपणा आणि उद्भासन यांचा संबंध दाखविणारा वक्र प्रसिद्ध केला. त्या वक्राचा वरचा भाग हळूहळू आडवा होत जातो. म्हणजे प्रकाश फार वाढला तरी फिल्म त्यास एकदम नाकारीत नाही. दिव्याच्या आसपासच्या छटा दबतात, पण काही अंशी टिकतात. संवेदकाची रीत निराळी आहे. त्यातील प्रत्येक कोश भरेपर्यंत प्रकाशाच्या प्रमाणात भार साठवितो आणि भरला की तेथेच थांबतो. त्यानंतरचा प्रकाश दुप्पट असो की हजारपट, नोंद तीच राहते. भरलेल्या कोशातील माहिती नंतर कोणत्याही संस्कारणाने परत मिळत नाही. याउलट सावलीत थोडी जरी नोंद झाली असली, तरी रॉ स्वरूपातील प्रतिमेतून ती पुष्कळ अंशी वर काढता येते. म्हणून फिल्मच्या काळात सावली सांभाळून उद्भासन ठरविण्याचा जो प्रघात होता, तो संवेदकाच्या बाबतीत उलटवावा लागतो. जे तेजस्वी भाग टिकणे आवश्यक आहे त्यांच्यापासून हिशेब सुरू करावा लागतो.

फिल्म वापरणाऱ्यास आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. मंद प्रकाशात उद्भासनाचा काळ वाढवीत गेल्यास फिल्मचा प्रतिसाद त्याच प्रमाणात वाढत नाही, असे कार्ल श्वार्त्सशिल्ट या खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दाखवून दिले. या उणिवेमुळे अंधारा भाग अपेक्षेपेक्षाही मागे पडतो आणि तेजस्वी दिवा तितका मागे पडत नाही. म्हणजे गुणोत्तर आणखी विपरीत होते. संवेदकात हा दोष नाही. तेथे दीर्घ काळात उष्णतेमुळे निर्माण होणारा भार ही अडचण असते. तापमान काही अंशांनी चढले की हा भार दुप्पट होतो. विदर्भातील उन्हाळ्याच्या रात्री एका तीन-चार मिनिटांच्या उद्भासनाऐवजी अनेक लहान उद्भासने घेऊन ती एकत्र करणे त्यामुळे श्रेयस्कर ठरते.

गुणोत्तर बदलावयाचे असेल तर कॅमेऱ्याच्या नियंत्रणांबाहेरचे उपाय योजावे लागतात. ते चार प्रकारचे आहेत : उभे राहण्याची जागा बदलणे, घटिका बदलणे, उद्भासनाचा काळ चित्राच्या निरनिराळ्या भागांत निराळा वाटणे, आणि दिवा चालता असल्यास त्याच्या गतीचा उपयोग करणे.

जागा आणि भिंग

पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दिव्याचा उगम भिंगाच्या नजरेआड करणे. खांब, झाडाचे खोड, फाटकाची कमान किंवा घराचा कोपरा दिव्यासमोर येईल अशी जागा घेतली, की दिव्याने उजळलेले अंगण दिसते, पण उगम दिसत नाही. दहा लाखांस एक हे गुणोत्तर मग शंभरांस एक इतके खाली येऊ शकते. दोन पावलांच्या हालचालीने सुमारे तेरा स्टॉपांचा लाभ होतो. इतका लाभ दुसऱ्या कोणत्याही उपकरणाने होत नाही.

उगम चित्रात राहणे अपरिहार्य असल्यास अंतराचा विचार करावा. दिव्यापासून दुप्पट अंतरावर गेले असता भिंगात शिरणारा त्याचा प्रकाश एकचतुर्थांश होतो. भिंतीची तेजस्विता मात्र अंतराने बदलत नाही. दूर जाऊन लांब नाभ्यंतराचे भिंग वापरल्यास चौकट तीच राहते, पण दिव्यापासून भिंगात पसरणारा अनिष्ट प्रकाश घटतो.

हा अनिष्ट प्रकाश कोठून येतो, हे पाहणे उपयुक्त होईल. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, आणि आधुनिक भिंगात असे पृष्ठभाग वीस-पंचवीसही असतात. १९३५ मध्ये झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला याने परावर्तन कमी करणाऱ्या लेपाची रीत काढली. आजच्या लेपांनी हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आले आहे. तरीही दिवा दहा लाखपट तेजस्वी असेल, तर त्याचा अत्यल्प अंशही अंधाऱ्या भागाला पुरून उरतो. चित्रात दिव्याच्या समोरच्या बाजूस जे हिरवट ठिपके उमटतात ते या आंतरपरावर्तनाचे फळ होय. आणि सर्व चित्रावर जी राखाडी झिलई येते तीही त्याचेच दुसरे रूप होय. यासाठी रात्री भिंगावर संरक्षक म्हणून लावलेली सपाट काच काढून ठेवावी, भिंग स्वच्छ पुसावे आणि चौकटीच्या नेमका बाहेर असलेला दिवा हाताने किंवा पुठ्ठ्याने झाकावा. पावसाळ्यातील दमट रात्री भिंगावर दव साचते व थंडीत धुके उतरते. दवाचे वलय पुसून जाते, धुक्याचे जात नाही. दोहोंतील भेद ओळखावा म्हणून मधून मधून भिंग तपासणे अगत्याचे आहे.

छिद्र लहान केले असता दिव्यापासून किरणांची तारका फुटते, ती विवर्तनाने. छिद्राच्या पात्यांची संख्या सम असेल तर तितकीच टोके दिसतात आणि विषम असेल तर दुप्पट दिसतात. आठ पात्यांच्या भिंगातून आठ, तर सात पात्यांच्या भिंगातून चौदा. ही तारका शोभादायक वाटते, तथापि ती दिव्याचे रूप नसून भिंगाच्या छिद्राचे रूप आहे. चित्र अभ्यासासाठी घ्यावयाचे असेल तर एफ/१६ ऐवजी एफ/५.६ ते एफ/८ हे मधले छिद्र अधिक प्रामाणिक ठरते.

पाण्यातील प्रतिबिंबाचाही येथे उपयोग होतो. गोंदिया-भंडाऱ्याचा प्रदेश तलावांचा व धानाचा आहे. पावसाळ्यात बांध्यांत पाणी उभे असते. पाण्याचा पृष्ठभाग सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी केवळ २ टक्के परत पाठवितो आणि साधारण ६० अंशांच्या तिरपेपणाने सुमारे ६ टक्के. म्हणजे प्रतिबिंबातील दिवा चार ते साडेपाच स्टॉपांनी मंद झालेला असतो. दिवा चौकटीबाहेर ठेवून त्याचे प्रतिबिंब चौकटीत घेतल्यास दिव्याची जागा कळते आणि त्याचा उपद्रव टळतो.

घटिकेची निवड

दुसरा उपाय अंधार उजळविण्याचा आहे, आणि तो सूर्याच्याच मदतीने करता येतो. सूर्यास्तासमयी उघड्या जागी सुमारे ४०० लक्स प्रकाश असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत तो ३ ते ४ लक्सवर येतो. महाराष्ट्राच्या अक्षांशात या अवधीस बावीस ते पंचवीस मिनिटे लागतात. म्हणजे दर साडेतीन मिनिटांस सुमारे एक स्टॉप, या वेगाने आकाश मावळत जाते. रस्त्यावरील दिवे जमिनीवर १० ते २० लक्स प्रकाश पाडीत असतील, तर सूर्यास्तानंतर साधारण पंधरा ते वीस मिनिटांनी आकाशाचा प्रकाश आणि दिव्यांचा प्रकाश समतोल होतात. त्या पाच-सात मिनिटांत भिंती, छपरे व झाडांच्या कडा दिसतात, आकाश गर्द निळे असते, आणि दिवे लागलेलेही असतात. चौकट आधी बांधून, तिपाई रोवून वाट पाहत राहणे, हेच या रीतीचे मर्म आहे. कारण दहा मिनिटांच्या विलंबाने तीन स्टॉप हातचे जातात.

या हिशेबात स्थानाचा विचार सुटता कामा नये. सालेकसा सुमारे ८०.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि मुंबई ७२.८ अंशांवर. प्रत्येक अंशास चार मिनिटे या मानाने सालेकसा येथे सूर्यास्त मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी होतो. मुंबईच्या घड्याळावर बेतलेला कार्यक्रम येथे घेऊन आल्यास समतोलाची घटिका केव्हाच उलटून गेलेली असेल.

चंद्रही या कामी साहाय्य करतो. पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर ०.१ ते ०.२ लक्स प्रकाश पडतो. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री तो याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. म्हणजे अंधाऱ्या भागास सहा-सात स्टॉपांचा लाभ होतो. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळील कचारगड येथे गोंड समाजाची मोठी यात्रा माघ पौर्णिमेस भरते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या रात्री पूर्ण चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. संधिप्रकाश सरत असताना चांदणे वाढू लागते आणि डोंगराची कड रात्रभर काळी पडत नाही. अशा प्रसंगी चित्रण करणाऱ्याने यात्रेकरूंची अनुमती आणि स्थानाचे पावित्र्य यांचा मान राखावा, हे सांगणे नलगे.

काळाची विभागणी

दिवा आणि अंधार एका काळात मावत नसतील, तर दोघांना वेगवेगळा काळ द्यावा, हा तिसरा मार्ग. त्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे काळा पुठ्ठा. समजा एकंदर उद्भासन ३२ सेकंदांचे आहे आणि दिवे चौकटीच्या वरच्या अर्ध्या भागात आहेत. पहिले दोन सेकंद भिंग पूर्ण उघडे ठेवून उरलेले तीस सेकंद वरचा भाग पुठ्ठ्याने झाकला, तर दिव्यांस २ सेकंद आणि खालच्या रस्त्यास ३२ सेकंद मिळतात. हा सोळापटीचा, म्हणजे चार स्टॉपांचा फरक होय. पुठ्ठा भिंगास न लावता त्याच्या जवळ धरावा आणि सतत किंचित वरखाली हलवीत राहावे. अन्यथा त्याची कड चित्रात दिसते.

दुसरी रीत अनेक उद्भासनांची. एकाच चौकटीची ३२ सेकंद, ४ सेकंद, १/२ सेकंद आणि १/१६ सेकंद अशी चार चित्रे घेतल्यास पहिल्या व शेवटच्या चित्रात नऊ स्टॉपांचे अंतर पडते. भिंत पहिल्या चित्रातून आणि दिव्याचा आकार शेवटच्या चित्रातून घेऊन एक प्रतिमा सिद्ध करता येते. अशा चित्रांवरून दृश्यातील खऱ्या तेजस्वितांचे गुणोत्तर काढण्याची गणिती रीत डेबेव्हेक व मलिक यांनी १९९७ मध्ये मांडली. अभ्यासकाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे, की चित्र केवळ रम्य न राहता मोजमापाचे साधन बनते.

मात्र अगदी लहान उद्भासनांत एक फसगत संभवते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झ प्रत्यावर्ती प्रवाहाची असल्याने सोडियमसारखे अनेक दिवे सेकंदास १०० वेळा मंद-तेज होत असतात. ३२ सेकंदांत हे चढउतार सरासरीत मिसळून जातात. १/२५० सेकंदात मात्र दिवा कधी पूर्ण तेजात तर कधी मंद सापडतो. म्हणून सर्वांत लहान उद्भासन १/१०० सेकंद किंवा त्याच्या पूर्ण पटीत, म्हणजे १/५०, १/२५ असे ठेवणे हितावह आहे.

चालते दिवे

आतापर्यंतचा विचार स्थिर दिव्यांचा झाला. चालत्या दिव्याच्या बाबतीत पूर्वोक्त नियमास एक उपयुक्त अपवाद आहे. चौकटीतून आडव्या जाणाऱ्या दिव्याची प्रतिमा संवेदकाच्या कोणत्याही एका बिंदूवर क्षणभरच थांबते. तो क्षण दिव्याच्या गतीवर अवलंबून असतो, शटर किती वेळ उघडे आहे यावर नव्हे. शटर दहा सेकंद उघडे ठेवा वा तीस सेकंद, प्रकाशरेषेचे तेज तेवढेच राहते. स्थिर पार्श्वभूमी मात्र तिप्पट उजळते. याचा अर्थ असा, की चालत्या दिव्याची रेषा छिद्र व संवेदनक्षमता यांनी आवरावी आणि पार्श्वभूमी काळाने भरावी. केवळ कॅमेऱ्याच्या नियंत्रणांनी गुणोत्तर बदलणे शक्य असते ते येथेच.

सालेकसासारख्या स्थानी हा अपवादच मुख्य विषय होऊ शकतो. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने नागपूर-छत्तीसगड मार्ग आपल्याकडे घेऊन त्याचे रूपांतर केले; आज तो हावडा-मुंबई या गजबजलेल्या मार्गाचा भाग आहे, आणि रात्रीही त्यावरून गाड्या धावतात. रेल्वेच्या हद्दीबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर, मार्गाच्या बाजूस उभे राहिल्यास इंजिनाचा दिवा चौकट आडवी ओलांडतो आणि एक स्वच्छ रेषा उमटते. तोच दिवा समोरून येत असेल तर त्याची प्रतिमा जागची फारशी हलत नाही. तो स्थिर दिव्यासारखाच वागतो आणि सारे चित्र झाकोळून टाकतो. प्रवासी गाडीच्या खिडक्या प्रकाशाचा पट्टा मागे ठेवतात, तर मालगाडी आपल्या मागील दिव्यांना काही काळ झाकून टाकते. सुमारे ७०० मीटर लांबीची मालगाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने गेल्यास तिला एक जागा ओलांडण्यास पन्नासएक सेकंद लागतात. एका मिनिटाच्या उद्भासनात तेवढा वेळ पलीकडचे दिवे बव्हंशी अडतात, आणि अलीकडचे अंगण भरत राहते. काळ्या पुठ्ठ्याचे काम येथे वाघिणींची रांगच करते.

दिव्याचा रंग आणि चित्राची साक्ष

दिव्याची नोंद टिकविण्याचा हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दिव्याच्या रंगात सापडते. सोडियम दिव्याचा प्रकाश मुख्यत्वे ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो. उच्च दाबाच्या दिव्यात तो पट्टा रुंदावतो, पण पिवळेपणा राहतो. एलईडीचा प्रकाश निळ्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला असतो. निओडिमियमयुक्त काचेचा फिल्टर पिवळा पट्टा शोषून सोडियमची झाक कमी करतो. एलईडीच्या बाबतीत तो जवळजवळ निरुपयोगी होय. सोडियम दिव्याखाली संवेदकातील तांबडे कोश सर्वांत आधी भरतात. एकत्रित हिस्टोग्राममध्ये सर्व काही ठीक दिसत असतानाही तांबड्याची नोंद नष्ट झालेली असू शकते. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम स्वतंत्रपणे तपासावेत. उद्भासन आणखी वाढले की नारिंगी दिवा पिवळा आणि पिवळा दिवा पांढरा दिसू लागतो.

२०१५ च्या आरंभी मुंबईतील मरीन ड्राइव्हवर सोडियम दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी दिवे बसविण्यात आले. समुद्रकाठच्या त्या सोनेरी हाराची शोभा गेल्याची तक्रार झाली, वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि पुढे तेथे पिवळसर छटेचे दिवे आले. त्याच वर्षी देशभर पथदिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गावोगावची रात्र रंग बदलीत असताना त्या बदलाचा पुरावा छायाचित्रातच राहणार आहे. ज्या चित्रात दिवा संपृक्त होऊन पांढरा झाला आणि कॅमेऱ्याने पांढऱ्या रंगाचा तोल आपोआप सावरून रस्त्यावरील छटाही पुसली, ते चित्र २०१४ चे की २०१६ चे, सोडियमचे की एलईडीचे, हे सांगू शकणार नाही. रंगाचा तोल एका ठरीव मानावर कायम ठेवणे आणि निदान एक लहान उद्भासन केवळ दिव्यासाठी राखणे, एवढ्याने ही साक्ष वाचते.

दीर्घ उद्भासनाचा दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. तीस सेकंदांच्या चित्रात अंधारी वाट उजळलेली दिसते. ज्या वाटेवर माणसास पाऊल दिसत नाही, ती चित्रात सुरक्षित भासते. म्हणून अभ्यासासाठी घेतलेल्या प्रत्येक चित्रासोबत छिद्र, काळ, संवेदनक्षमता, सूर्यास्तापासूनचा अवधी, तिथी, आकाशाची स्थिती आणि दिव्याचा प्रकार यांची टीप ठेवणे आवश्यक आहे. अशी टीप नसलेले रात्रीचे चित्र प्रकाशाविषयी काहीच सिद्ध करीत नाही.

उपसंहार

भिंगात जे घडते तेच डोळ्यातही घडते. उघडा दिवा थेट नजरेत आला की त्याचा प्रकाश डोळ्याच्या अंतर्भागात विखुरतो आणि अक्षिपटलावर एक पातळ पडदा धरतो. त्या पडद्याआड समोरचा खड्डा अथवा वाटसरू दिसेनासा होतो. चित्रात ज्या दिव्याभोवती धूसर वलय उमटते, तोच दिवा बहुधा रस्त्याने चालणाऱ्याचे डोळे दिपवीत असतो. उगम झाकलेला, खाली तोंड केलेला दिवा छायाचित्रकाराचे गुणोत्तर सुधारतो आणि पादचाऱ्याचेही. विदर्भातीलच पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील क्षेत्रास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथे आसपासच्या गावांतील दिवे खाली तोंड करून बसविण्यात आले, ते याच तत्त्वास अनुसरून.

सालेकसासारख्या अरण्यालगतच्या वस्तीत दिव्यांची संख्या अजून मोजण्याजोगी आहे. एका ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या तिथीस, एकाच छिद्राने व एकाच उद्भासनमालिकेने प्रतिवर्षी चित्र घेतल्यास कोणता दिवा केव्हा बदलला, कोणाचा प्रकाश रस्त्यावर पडतो आणि कोणाचा नुसताच आकाशात व डोळ्यांत जातो, हे वर्षागणिक दाखविता येईल. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक तिपाई, एक काळा पुठ्ठा, सूर्यास्ताचे कोष्टक आणि टिपणवही एवढे साहित्य पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे.